कनेक्शन कोणाच्या ताब्यात आणि किती वेळ

एका वेब सेवेच्या डेटाबेस कनेक्शनांचा कारभार मुळापासून तपासून नव्याने बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते, त्याचा हा वृत्तान्त आहे. सेवा पायथनमधली; फ्रेमवर्क फास्टएपीआय, ओआरएम (तक्त्यांतल्या नोंदी पायथनच्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, म्हणून हाताळू देणारी लायब्ररी) म्हणून एसक्यूएलअल्केमी आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. तिन्ही साधने आपापल्या जागी भरवशाची आहेत आणि तिन्हींची कागदपत्रेही चांगली आहेत. तरीही कनेक्शन कधी घ्यायचे, कोणी घ्यायचे आणि परत कधी द्यायचे, हे तिघांपैकी एकही साधन एकट्याने ठरवत नाही. ते त्यांच्या जोडणीतून ठरते, आणि ही जोडणी बहुतेक प्रकल्पांत सुरुवातीला दहा-पंधरा ओळींत लिहिली जाते व नंतर तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. आमच्याकडेही ती तशीच होती.

लक्षण असे होते, की गर्दी वाढली की काही काळ सेवेकडून उत्तरे येणेच थांबे आणि मग बरोबर 30 सेकंदांनी एकदम 500 क्रमांकाच्या (सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याच्या) त्रुटींचा लोंढा येई. लॉगमध्ये एसक्यूएलअल्केमीचा परिचित संदेश असे: क्यूपूलची (उघडलेली कनेक्शने पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी राखणाऱ्या साठ्याची, म्हणजे पूलची) 5 ची मर्यादा आणि वरचे 10 असे सगळे वापरात आहेत, कनेक्शनची वाट पाहून 30 सेकंदांची मुदत संपली. हे तिन्ही आकडे त्या लायब्ररीचे मूळ आकडे आहेत. पूलमध्ये 5 कनेक्शने कायम ठेवायची, गरज पडल्यास 10 जादा उघडायची आणि तरीही मिळाले नाही तर 30 सेकंद थांबायचे. लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळीच होती. ज्या मिनिटाला सेवा गुदमरत होती, त्याच मिनिटाला डेटाबेस सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ रिकामा बसलेला दिसत होता. डेटाबेसवर ताण नाही आणि कनेक्शन मात्र एकही शिल्लक नाही, ही स्थिती पाहिल्यावर प्रश्न कनेक्शने कमी असण्याचा नसावा, अशी शंका येणे साहजिक होते.

बैठकीत पहिली सूचना आली ती पूल मोठा करण्याची. ती चुकीची ठरवण्याआधी तिचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटले, कारण हा हिशेब फार थोड्या ठिकाणी लिहून ठेवलेला असतो. आमची दोन यंत्रे होती आणि प्रत्येकावर चार वर्कर प्रोसेस (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या सेवेच्या स्वतंत्र प्रती), म्हणजे एकूण आठ. एसक्यूएलअल्केमीचा पूल प्रत्येक प्रोसेसचा स्वतंत्र असतो. यंत्राचा किंवा सेवेचा म्हणून एक सामाईक पूल नसतो. त्यामुळे मूळ मर्यादेवरच आमची कमाल गरज 8 गुणिले 15, म्हणजे 120 कनेक्शनांची होत होती. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 आहे आणि त्यातली 3 सुपरयूझरसाठी राखीव असतात, म्हणजे सेवेच्या वाट्याला 97 येतात. नवी आवृत्ती चढवताना जुन्या आणि नव्या प्रोसेस काही वेळ शेजारी शेजारी चालतात, तेव्हा मागणी दुप्पट होऊ शकते. पूल आणखी मोठा केला असता, तर पूलच्या मुदतीऐवजी पोस्टग्रेसचा 'टू मेनी क्लायंट्स' हा नकार पाहायला मिळाला असता, आणि तो एकट्या सेवेला नव्हे, तर त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या रात्रीच्या कामांनाही भोवला असता.

पोस्टग्रेसची मर्यादा वाढवता येते, पण ती फुकट वाढत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची एक स्वतंत्र प्रोसेस निर्माण करतो. तिला स्वतःची स्मृती लागते, आणि क्वेरीतल्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतल्या) सॉर्टसाठी व हॅशसाठी दिलेली मर्यादा प्रत्येक कनेक्शनला, किंबहुना क्वेरीतल्या प्रत्येक टप्प्याला वेगळी लागू होते. शेकडो कनेक्शने एकदम कामाला लागली की मोजके कोअर असलेले यंत्र एकातून दुसरीकडे उड्या मारण्यातच वेळ घालवते. म्हणून मोठा आकडा लिहिण्याआधी, असलेली कनेक्शने नेमकी काय करत आहेत हे पाहायचे ठरले.

पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी नावाचा एक व्ह्यू आहे, आणि या सबंध कामात त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही. प्रत्येक कनेक्शनसाठी त्यात एक ओळ असते. सध्याची अवस्था काय, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) कधी सुरू झाले, अवस्था शेवटची कधी बदलली आणि चालू असलेली किंवा शेवटची चाललेली क्वेरी कोणती, हे सगळे तिच्यात दिसते. आधी प्रत्येक प्रोसेस कनेक्शन उघडताना ॲप्लिकेशन-नेम या खुणेत सेवेचे नाव आणि प्रोसेस क्रमांक लिहील, अशी व्यवस्था केली, कारण त्याशिवाय कोणती ओळ कोणाची हे कळत नाही. मग गर्दीच्या वेळी दर काही सेकंदांनी हा व्ह्यू फाइलमध्ये उतरवून घेतला.

फाइल उघडली तेव्हा बहुतेक सगळ्या ओळींची अवस्था एकच होती: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडे आहे, पण डेटाबेसला करायला काहीही काम नाही. क्लायंटच्या पुढच्या आज्ञेची वाट पाहणे चालू आहे. एक ओळ मी बराच वेळ पाहत राहिलो. ट्रान्झॅक्शन सुरू होऊन 11 सेकंद झालेले, आणि शेवटची क्वेरी म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्त्यातून आयडीवरून एक नोंद वाचणारी साधी सिलेक्ट. ती क्वेरी मिलिसेकंदभरात संपलेली होती. उरलेला सगळा वेळ ते कनेक्शन नुसते अडवून ठेवलेले होते. आणि तशीच ओळ, तीच क्वेरी, पुन्हा पुन्हा, पानभर.

ती क्वेरी आमच्या ओळख-तपासणीतली होती. प्रत्येक रिक्वेस्टमध्ये टोकन वाचून वापरकर्ता शोधणारी एक डिपेंडन्सी (फ्रेमवर्क मुख्य कोडआधी आपोआप चालवते ते फंक्शन) सर्वांत आधी चालते, आणि तिला सेशन (डेटाबेसशी बोलण्यासाठीची एसक्यूएलअल्केमीची वस्तू) मिळते ते दुसऱ्या एका डिपेंडन्सीकडून. ही दुसरी डिपेंडन्सी रिक्वेस्टच्या सुरुवातीला सेशन तयार करून यील्डने पुढे देते आणि शेवटी ते बंद करते. ही मांडणी सर्वत्र आढळते आणि दिसायलाही नीटनेटकी आहे. तिच्यात नेमके काय घडते हे कळण्यासाठी सेशन आणि कनेक्शन यांतला फरक समजून घ्यावा लागतो.

एसक्यूएलअल्केमीचे सेशन तयार झाले म्हणजे कनेक्शन घेतले गेले, असे नसते. सेशन ही केवळ पायथनमधली एक वस्तू आहे आणि ती तयार करणे अगदी स्वस्त असते. पहिली क्वेरी चालवण्याची वेळ येते तेव्हा सेशन पूलकडून कनेक्शन मागते आणि त्याच क्षणी ट्रान्झॅक्शन सुरू करते. ही क्वेरी लिहिणारी आहे की नुसती वाचणारी, याने काही फरक पडत नाही. तिथून पुढे कमिट (बदल पक्के करणे), रोलबॅक (ते रद्द करणे) किंवा क्लोज (सेशन बंद करणे) यांपैकी काही होईपर्यंत ते कनेक्शन त्या सेशनच्याच ताब्यात राहते. वाचल्यानंतर कमिट कशाला करायचे, असे आपल्याला सहज वाटते. आणि म्हणून केवळ वाचन करणारा कोड पहिल्या सिलेक्टपासून रिक्वेस्टच्या शेवटापर्यंत कनेक्शन धरून बसतो. ओळख-तपासणी सर्वांत आधी होत असल्याने आमची प्रत्येक रिक्वेस्ट जवळजवळ पहिल्या क्षणापासून अखेरच्या क्षणापर्यंत एक कनेक्शन बाळगून होती, मग मधल्या काळात ती दुसऱ्या सेवेला विचारत असो, पीडीएफ बनवत असो किंवा रांगेत उभी असो.

तर्काने हे पटले होते, पण मोजमाप हवे होते. एसक्यूएलअल्केमीचा पूल कनेक्शन देताना चेकआउट आणि परत घेताना चेकइन अशा दोन घटना कळवतो, आणि प्रत्येक कनेक्शनच्या नोंदीबरोबर एक लहान डिक्शनरीही ठेवू देतो. चेकआउटच्या वेळी तिच्यात घड्याळाची वेळ आणि रिक्वेस्टचा मार्ग लिहायचा, चेकइनच्या वेळी वजाबाकी करून ताब्याचा कालावधी लॉगमध्ये टाकायचा, आणि शेजारी त्या काळात क्वेरींवर प्रत्यक्ष खर्च झालेला वेळ मांडायचा. वीस-पंचवीस ओळींचा हा कोड आहे आणि मी तो आता प्रत्येक प्रकल्पात पहिल्या दिवसापासून ठेवतो. निकाल स्पष्ट होता. आमच्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मार्गावर क्वेरींचा वेळ सुमारे 20 मिलिसेकंद आणि कनेक्शनच्या ताब्याचा वेळ सुमारे 800 मिलिसेकंद होता, कारण मध्येच बाहेरच्या एका सेवेला हाक मारली जात होती.

इथे रांगशास्त्रातला एक जुना नियम कामी येतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली: एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती जण असतील, तर येण्याचा दर गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचा सरासरी वेळ. सेकंदाला 100 रिक्वेस्ट आणि प्रत्येकीच्या ताब्यात कनेक्शन 0.02 सेकंद, तर सरासरी 2 कनेक्शने व्यग्र राहतील. तोच ताबा 0.8 सेकंदांचा झाला की त्याच वर्दळीला 80 लागतात. डेटाबेसने केलेले काम दोन्ही वेळेला तेवढेच असते. हा गुणाकार फळ्यावर मांडल्यानंतर पूल किती मोठा असावा ही चर्चा थांबली आणि ताबा किती कमी करता येईल, ही सुरू झाली.

त्याआधी मात्र 30 सेकंदांच्या त्या संपूर्ण स्तब्धतेचा उलगडा व्हायला हवा होता. नुसता ताबा लांबल्याने सेवा मंदावेल, पण ठप्प का व्हावी? याचे उत्तर फ्रेमवर्क आणि पूल यांच्या दोन वेगळ्या रांगांमध्ये होते, आणि माझ्या मते या जोडणीतला हा सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका आहे.

फास्टएपीआयमध्ये एखादी डिपेंडन्सी किंवा एंडपॉइंट (त्या मार्गाचे मुख्य काम करणारे फंक्शन) साध्या डेफने लिहिले असेल, तर ते इव्हेंट लूपमध्ये (एकाच थ्रेडवर सगळी कामे आळीपाळीने चालवणाऱ्या चक्रात) न चालवता थ्रेडच्या (प्रोसेसमधल्या समांतर धाग्यांच्या) पूलमध्ये चालवले जाते. हा थ्रेडपूल एनीआयओ या लायब्ररीचा असून त्याची मूळ मर्यादा 40 थ्रेडची आहे. महत्त्वाचे म्हणजे एका रिक्वेस्टला एक थ्रेड शेवटपर्यंत मिळत नाही. ओळख-तपासणी एका थ्रेडवर चालते, संपते आणि तो थ्रेड सुटतो. मग एंडपॉइंटसाठी ती रिक्वेस्ट पुन्हा थ्रेडच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहते. आता एकाच प्रोसेसवर एकदम 100 रिक्वेस्ट आल्या असे समजू. त्यांतल्या 40 जणींची ओळख-तपासणी थ्रेडवर सुरू होते, 60 रांगेत थांबतात. चाळीसपैकी 15 जणींना कनेक्शन मिळते, 25 जणी थ्रेड अडवून कनेक्शनची वाट पाहतात. पंधरा जणींची तपासणी क्षणात संपते, त्या थ्रेड सोडतात, पण सेशन रिक्वेस्टभर उघडे असल्यामुळे कनेक्शन सोडत नाहीत, आणि एंडपॉइंटसाठी रांगेच्या टोकाला जातात. सुटलेले 15 थ्रेड रांगेतल्या पुढच्या 15 जणींना मिळतात आणि त्याही कनेक्शनची वाट पाहत थांबतात. आता चाळीसच्या चाळीस थ्रेड कनेक्शनसाठी अडले आहेत, आणि पंधराच्या पंधरा कनेक्शने थ्रेडसाठी अडलेल्या रिक्वेस्टच्या ताब्यात आहेत. कोणीच पुढे सरकू शकत नाही. डेटाबेस शांत, सीपीयू शांत, आणि 30 सेकंदांची मुदत संपून थ्रेड सुटेपर्यंत सगळे जागच्या जागी.

पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीत पानभर दिसलेली ती एकच सिलेक्ट याचाच पुरावा होती. कनेक्शनपेक्षा जास्त थ्रेड ठेवले नाहीत म्हणजे हा पेच सुटेल, असे सुचवले जाते आणि पहिल्या नजरेला ते पटतेही. पण 5 थ्रेड आणि 5 कनेक्शने घेऊन कागदावर हीच मांडणी करून पाहिली, तर पेच तसाच पडतो. पाच जणी तपासणी उरकून कनेक्शनसह रांगेत जातात, त्यांच्या जागी आलेल्या पाच जणी कनेक्शनसाठी थ्रेड अडवतात, आणि चक्र पूर्ण होते. थ्रेडची संख्या कमी-जास्त केल्याने पेच लवकर किंवा उशिरा पडेल एवढेच. तो मुळातून जायचा तर एक नियम पाळावा लागतो: कनेक्शन हातात असताना थ्रेडसाठी पुन्हा रांगेत उभे राहायचे नाही. म्हणजेच ट्रान्झॅक्शन ज्या फंक्शनमध्ये उघडले, त्याच फंक्शनमध्ये ते मिटले पाहिजे.

सगळा कोड असिंक (वाट पाहताना थ्रेड न अडवणारा, इव्हेंट लूपवर चालणारा) करून टाकावा, हाही पर्याय चर्चेत होता. त्याने थ्रेडची रांग नाहीशी होते, हे खरे. पण ताब्याचा कालावधी तेवढाच राहतो, आणि बाहेरच्या सेवेची वाट पाहताना कनेक्शन तितकेच अडून बसते. शिवाय असिंक सेशनमध्ये न आणलेले संबंधित ऑब्जेक्ट सहज वाचायला गेल्यास थेट अपवाद (कोड चालताना येणारी त्रुटी) येतो, त्यामुळे बराच कोड बदलावा लागला असता. आम्ही सिंक पद्धतच ठेवली.

मग बदलांना सुरुवात झाली. ओळख-तपासणीला रिक्वेस्टचे सेशन देणे बंद केले. ती आता स्वतःचे छोटे सेशन विथ ब्लॉकमध्ये उघडते, वापरकर्त्याची नोंद वाचते, त्यातले आवश्यक तेवढे, म्हणजे आयडी, भूमिका आणि संस्था, एका साध्या डेटाक्लासमध्ये (फक्त माहिती धरणाऱ्या वस्तूमध्ये) उतरवते आणि सेशन बंद करून तो डेटाक्लास पुढे देते. ओआरएमचे जिवंत ऑब्जेक्ट त्या ब्लॉकबाहेर जात नाही. या एका बदलाने ती स्तब्धता थांबली. नंतर भार देऊन पाहिले तेव्हा सेवा मंदावत होती, पण ठप्प होत नव्हती.

एंडपॉइंटमधले काम अधिक जिकिरीचे होते. डिपेंडन्सीतून आता सेशनऐवजी सेशनमेकर (हवे तेव्हा सेशन बनवून देणारा) मिळू लागला, आणि ट्रान्झॅक्शनची सुरुवात व शेवट सेवास्तरातल्या फंक्शनमध्ये उघडपणे लिहिला जाऊ लागला. ज्या मार्गावर बाहेरच्या सेवेला हाक होती, तिथे एका मोठ्या ट्रान्झॅक्शनचे दोन छोटे केले. पहिल्यात मागणीची नोंद 'प्रलंबित' अशा स्थितीने करायची आणि कमिट करायचे. मग कनेक्शन हातात नसताना बाहेरच्या सेवेला विचारायचे. उत्तर आले की दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्थिती बदलायची. ऐकायला हे सरळ वाटते, पण त्याबरोबर जबाबदारी येते. आधी सगळे एका ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यामुळे मध्येच काही बिघडले तर नोंदच उरत नसे. आता पहिला भाग होऊन दुसरा राहिला, अशी अवस्था शक्य झाली. म्हणून प्रत्येक मागणीला एक एकमेव किल्ली देऊन तीच बाहेरच्या सेवेलाही पाठवली, जेणेकरून पुन्हा विचारले तरी तेच काम दोनदा होणार नाही. आणि बराच वेळ प्रलंबित राहिलेल्या नोंदी उचलून त्यांची तड लावणारे एक नियमित काम लिहिले. एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जुन्या रचनेतही बाहेरची सेवा आपल्या रोलबॅकबरोबर मागे फिरत नव्हतीच. ती विसंगती तेव्हाही होती, फक्त नोंद पुसली गेल्याने ती कोणाला दिसत नव्हती.

यानंतरही काही मार्गांवर ताब्याचा वेळ अपेक्षेपेक्षा जास्त राहिला आणि लॉगमध्ये एक चमत्कारिक नमुना दिसू लागला. कमिट होऊन कनेक्शन परत जाई आणि लगेच तेच सेशन पुन्हा कनेक्शन मागे. याची दोन कारणे निघाली. पहिले असे, की एसक्यूएलअल्केमी कमिटनंतर सेशनमधल्या ऑब्जेक्टची माहिती शिळी मानते, आणि पुढच्या वेळी त्यातले एखादे क्षेत्र वाचताच ती डेटाबेसमधून पुन्हा आणते. फंक्शन कमिट करून ऑब्जेक्ट परत देते, फ्रेमवर्क त्याचे जेसन (माहिती पाठवण्याचे मजकुरी रूप) बनवायला घेते, पहिले क्षेत्र वाचते, आणि नवे ट्रान्झॅक्शन उघडते. दुसरे कारण न आणलेल्या संबंधांचे. उत्तराच्या साच्यात ग्राहकाच्या मागण्या आणि प्रत्येक मागणीतल्या वस्तू असतील, तर पायडँटिक (उत्तराचा साचा भरणारी लायब्ररी) ते क्षेत्र वाचताना ओआरएम मुकाट्याने एकेक क्वेरी चालवत जातो. या क्वेरी आपल्या कोडमधल्या कोणत्याही ओळीवर दिसत नाहीत, त्या फ्रेमवर्कच्या पोटातून निघतात, त्यामुळे कोड वाचून त्या सापडत नाहीत.

यावर आम्ही एक्स्पायर-ऑन-कमिट (कमिटनंतर माहिती शिळी मानण्याची सोय) बंद केले. सेशन अल्पायुषी असेल तर माहिती शिळी होण्याची भीती उरत नाही, लांब चालणाऱ्या सेशनसाठी मात्र मी हे करणार नाही. उत्तराचा साचा ट्रान्झॅक्शनच्या आतच भरायचा आणि फ्रेमवर्ककडे ओआरएमचे ऑब्जेक्ट द्यायचेच नाही, असा दंडक घातला. लागणारे संबंध सिलेक्टइनलोडने आधीच आणायचे, आणि जे मागितलेले नाहीत ते वाचायला गेल्यास रेझलोडने तिथल्या तिथे अपवाद फेकायचा. या शेवटच्या पर्यायाने सुरुवातीला पुष्कळ चाचण्या मोडल्या, आणि प्रत्येक मोडलेल्या चाचणीने लपलेली एक क्वेरी उघडी पाडली.

प्रतिसादानंतर चालणाऱ्या पार्श्वभूमीतल्या कामांना रिक्वेस्टचे सेशन देऊ नये, याबद्दल दुमत नसावे. फास्टएपीआयच्या 0.106 या आवृत्तीत यील्डवाल्या डिपेंडन्सीचा उत्तरार्ध कधी चालतो याचा क्रमच बदलला होता, आणि जुन्या क्रमावर विसंबलेला कोड त्यात सापडला. पार्श्वभूमीतल्या कामाला आयडी द्यावा, सेशन त्याने स्वतःचे उघडावे.

प्रोसेसच्या फाटाफुटीचा मुद्दा थोडक्यात. गनिकॉर्न (वर्कर प्रोसेस चालवणारा सर्व्हर) प्रीलोडसह, म्हणजे वर्कर बनण्याआधीच ॲप्लिकेशन लोड करून, चालवत असाल आणि ॲप्लिकेशन लोड होतानाच एखादी क्वेरी चालत असेल, तर ते कनेक्शन फोर्कनंतर (मूळ प्रोसेसच्या प्रती बनल्यावर) सर्व वर्करांकडे वारसाहक्काने जाते, एकाच सॉकेटवर दोन प्रोसेस बोलू लागतात आणि एकीचे उत्तर दुसरीला मिळू शकते. वर्कर सुरू होताच इंजिनचा (पूल सांभाळणाऱ्या वस्तूचा) डिस्पोज क्लोज=फॉल्स असा बोलवावा, म्हणजे नवी प्रोसेस वारशातली कनेक्शने विसरते, पण मूळ प्रोसेसची तोडत नाही. मेलेल्या कनेक्शनांसाठी पूल-प्री-पिंग (कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का, हे पाहणे) चालू केले. चेकआउटच्या वेळी एक हलकी फेरी वाढते, पण डेटाबेस पुन्हा सुरू झाल्यावर किंवा मधल्या फायरवॉलने निष्क्रिय जोडणी तोडल्यावर वापरकर्त्याला त्रुटी दिसत नाही. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच कनेक्शन तुटले तर प्री-पिंगचा उपयोग नाही. तिथे संपूर्ण काम पुन्हा करण्याची तयारी कोडमध्येच असावी लागते.

ताबा आटोक्यात आल्यावरच पूलचे आकडे ठरवले. पूल 5 चा आणि ओव्हरफ्लो (जादा कनेक्शने) शून्य. ओव्हरफ्लोमधली कनेक्शने परत आली की पूल त्यांना बंद करतो, त्यामुळे गर्दीच्या ऐन भरात कनेक्शने उघडण्या-मिटण्याचा धडाका सुरू होतो. आणि नवे कनेक्शन म्हणजे टीसीपी, टीएलएस, पासवर्डची पडताळणी आणि पोस्टग्रेसची नवी प्रोसेस एवढा खर्च असतो. आठ प्रोसेसची मिळून 40 कनेक्शने, नवी आवृत्ती चढवताना 80, आणि 97 पैकी उरलेली रात्रीच्या कामांना, स्थलांतरांना (तक्त्यांची रचना बदलणाऱ्या कामांना) व हाताने डोकावणाऱ्यांना. पूलची मुदत 30 वरून 3 सेकंदांवर आणली आणि ती संपल्यास 500 ऐवजी 503 (सेवा सध्या उपलब्ध नाही) द्यायला सुरुवात केली. अर्धा मिनिट थांबवून नकार देण्यापेक्षा लवकर नकार देणे वापरकर्त्यासाठी बरे, आणि मागे रांगही साचत नाही.

पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससमोर राहून कनेक्शने वाटणारा मध्यस्थ) मध्ये ठेवावा का, यावर आम्ही विचार केला. यंत्रे वाढली तर तो लागेलच. पण त्याच्या ट्रान्झॅक्शन पद्धतीत एका ट्रान्झॅक्शननंतर पुढचे ट्रान्झॅक्शन सर्व्हरच्या दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते, म्हणून कनेक्शनभर टिकणारे सेट (मांडणी बदलण्याची आज्ञा), कनेक्शनपातळीवरची ॲडव्हायझरी कुलुपे (ॲप्लिकेशनने स्वतः घेतलेली) आणि लिसन (सूचना ऐकण्याची आज्ञा) हे सगळे निरुपयोगी होते. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (कनेक्शनवर आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीची) अडचण 2023 मधल्या 1.21 आवृत्तीने बरीच दूर केली, तरी सायकोपीजी 3 सारखा ड्रायव्हर तीच क्वेरी 5 वेळा चालल्यावर आपोआप ती प्रिपेअर करू लागतो, हे लक्षात ठेवून दोन्हीकडची मांडणी जुळवावी लागते. मुख्य म्हणजे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या रोगावर पीजीबाउन्सर औषध नाही. ट्रान्झॅक्शन उघडे असेतोवर त्यालाही सर्व्हरचे कनेक्शन अडवूनच ठेवावे लागते. म्हणून आमच्या क्रमात तो नंतरचा.

पोस्टग्रेसच्या बाजूने दोन पहारे बसवले. सेवेच्या रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला) निष्क्रिय ट्रान्झॅक्शनची कमाल मुदत घालून दिली. ही सोय 9.6 आवृत्तीपासून आहे, आणि मुदत ओलांडली की सर्व्हर ते कनेक्शनच तोडतो. स्थलांतरे चालवणाऱ्या रोलला कुलपाची वाट पाहण्याची छोटी मुदत दिली. याचे कारण असे, की उघड्या ट्रान्झॅक्शनने नुसते वाचन केले असले, तरी त्या तक्त्यावर त्याचे हलके कुलूप असतेच. ऑल्टर टेबलला पूर्ण कुलूप हवे असते, म्हणून ते थांबते, आणि त्याच्यामागे आलेली साधी वाचनेही रांगेत अडकतात. एका विसरलेल्या सिलेक्टने संपूर्ण तक्ता असा बंद पडू शकतो. चाचण्यांमध्येही एक फिक्श्चर जोडले: प्रत्येक चाचणीनंतर पूलला बाहेर गेलेल्या कनेक्शनांची संख्या विचारायची, आणि ती शून्य नसेल तर चाचणी नापास.

सर्वांत शेवटी उरले ते मोठे अहवाल. लाखो ओळींची सीएसव्ही प्रवाही पद्धतीने देताना सर्व्हरबाजूचा कर्सर (ओळी थोड्या थोड्या करून आणणारा) वापरावा लागतो, आणि तो चालू असेतोवर ट्रान्झॅक्शन उघडे ठेवावेच लागते. इथे लांब ताबा टाळता येत नाही, पण तो किती लांब हे आधी डाउनलोड करणाऱ्याच्या नेटवर्कवर अवलंबून होते. समोरच्याची जोडणी संथ, तर आमचे कनेक्शन तितकीच मिनिटे गुंतलेले. म्हणून अहवाल एका स्वतंत्र प्रोसेसमध्ये हलवले. तिचा पूल 2 चा आहे आणि तिला वेगळा रोल दिला आहे. तिथे कर्सरमधून येणाऱ्या ओळी आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिल्या जातात, ट्रान्झॅक्शन मिटते, कनेक्शन पूलकडे जाते, आणि त्यानंतरच फाइल पाठवायला सुरुवात होते. डाउनलोडचा पहिला बाइट आता पूर्वीपेक्षा उशिरा येतो आणि त्याबद्दल तक्रारीही आल्या; फाइल तयार होत असल्याचे पडद्यावर दाखवण्याचे काम त्यामुळे पुढच्या यादीत आहे.